मडकं कोणी धरलं

सौदामिनी वकीलबाई मोबाईल हातात घेऊन साक्षीच्या पिंजऱ्याकडे निघाल्या तेव्हा फुलाबाईला वाटलं, आता पुन्हा सातबारा निघणार. दोन वर्षांत या खटल्यात सातबाऱ्याशिवाय दुसरं काही निघालंच नव्हतं. डोंगराच्या पायथ्याची सामाईक जमीन, ती पुण्याच्या गिऱ्हाइकाला प्लॉटिंगसाठी द्यायची कुमारची घाई आणि सही करणार नाही म्हणून अडून बसलेला सोनबा, एवढं कोर्टातल्या शिपायालाही तोंडपाठ झालं होतं. सोनबा म्हणजे फुलाबाईच्या थोरल्या दिराचा, कोंडिबाचा, एकुलता एक मुलगा. भातखाचराच्या दगडी तालीखाली, बांधाच्या पायथ्याशी, डोकं फुटलेला असा तो सापडला होता. त्याच्या खुनाचा आरोप होता फुलाबाईच्या धाकट्या मुलावर, कुमारवर. आणि आज पिंजऱ्यात उभी होती सोनबाची बायको वैष्णवी.

"वैष्णवीताई, हा व्हिडिओ तुमच्या मिस्टरांच्या अंत्यविधीचा ना?" कुमारच्या वकीलबाईंनी अगदी घरच्यासारखं विचारलं.

"व्हय."

"तिरडीच्या पुढं मडकं धरून कोण चाललंय?"

"कुमारभावजी."

"म्हणजे आरोपी. अग्नी कोणी दिला?"

"त्येंनीच."

"तुम्ही तिथं होता. म्हणालात का, की या माणसानं माझ्या नवऱ्याच्या चितेला हात लावायचा नाही?"

"तवा मला कुटं ठावं व्हतं? पोस्टमार्टेमचा रिपोर्ट तर नवव्या दिशी—"

"म्हणालात की नाही, एवढंच."

"न्हाई. पर अग्नी माजी पोरगी देनार व्हती. आमच्या चुलतसासूबाईंनी तिला देऊ दिला न्हाई. त्येंनी भावजींना फुडं केलं."

फुलाबाई मागच्या बाकावर बसली होती. आपलं नाव न घेता आपल्याबद्दल बोललं जातंय हे कळायला तिला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा तिनं पदर सारखा केला, तो सारखाच होता तरी.

वकीलबाईंनी हातातले कागद चाळले. "हे तुम्ही पोलिसांच्या जबाबात सांगितलंय?"

"न्हाई. कुनी इच्यारलंच न्हाई."

"म्हणजे आज पहिल्यांदा सांगताय. दोन वर्षांनी." बाई जराशा हसल्या. "माझं म्हणणं असं आहे, की तुम्हाला मुलगा नाही, म्हणून तुम्हीच हात जोडून कुमारला पुढं केलंत. कारण तुमच्या मिस्टरांचं आणि त्याचं सख्ख्या भावांसारखं होतं. आणि जमिनीचा हिस्सा गिळायचा म्हणून नंतर त्यालाच या प्रकरणात गुंतवलंत."

"खोटं हाय," वैष्णवी म्हणाली. टायपिस्टनं 'हे म्हणणे खरे नाही' असं टाइप केलं. वैष्णवी जन्मात असं वाक्य बोलली नव्हती, पण आता ते तिच्या नावावर लागलं. मग तिनं मान वळवली आणि थेट मागच्या बाकाकडे पाहिलं. सगळ्या कोर्टात ती एकट्या फुलाबाईकडे बघत होती. बघणं म्हणजे काय, बोलावणंच होतं ते. काकी, उठा, सांगा ह्यांना. फुलाबाईनं समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली. तिला घड्याळ कळत नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात आल्यावर चिमाजीला, फुलाबाईच्या नवऱ्याला, हर्ष मावेना. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन वर्षं गावात मान वर करून चालला नव्हता. आज टोपी मागं सरकवून तो भेटेल त्याला सांगत सुटला.

"काय बाई हाय! कोंबडी सोलावी तशी सोलली तिला. एक शबूद बोलाया जागा न्हाई ठिवली."

"आवो, हळू बोला," फुलाबाई म्हणाली. "ती हितंच हाय."

"असू दे की. ऐकू दे."

आणखी एक नवल घडलं. थोरला मुलगा हनुमंत दोन वर्षं कुमारशी एक अक्षर बोलला नव्हता. 'ह्याच्या पायी माज्या पोरीची दोन स्थळं माघारी गेली' म्हणून त्यानं भावाचं तोंड बघायचं सोडलं होतं. तोच हनुमंत आज दोन कप चहा घेऊन आला आणि त्यातला एक त्यानं कुमारच्या हातात दिला. कुमारला जामिनावर वेल्हे तालुक्यात पाऊल टाकायला बंदी होती, त्यामुळे तो भोरला थोरल्या बहिणीकडे, ठकुबाईकडे राहायचा. "चल, भोरपातूर सोडतो तुला," हनुमंत म्हणाला. भाऊ भावाला चहा देतोय हे बघून एरवी आईचं काळीज सुपाएवढं झालं असतं. फुलाबाईला मात्र लाज वाटली. कुणाच्या तोंडचं काढून हा चहा आला, ते तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात वकीलबाई काळा कोट हातावर टाकून बाहेर आल्या. "मावशी, आता बचावाचे साक्षीदार. तुमचं नाव देतेय मी. आज आत बसलात ते बसलात, यापुढं बाहेर बसायचं. बुधवारी भोरला ऑफिसात या, काय बोलायचं ते बघू."

"म्या काय बोलनार, बाई?"

"फार नाही. मडकं कोणाच्या सांगण्यावरून कुमारनं धरलं, तेवढंच."

स्वारगेटहून वेल्ह्याला जाणारी त्या वेळची एसटी एकच. खुनाचा आरोप असलेल्याचे आईबाप आणि ज्याचा खून झाला त्याची बायको, तिघांनाही त्याच गाडीनं यायचं आणि विंझरला उतरून त्याच वाडीची वाट धरायची. दोन वर्षं दर तारखेला हेच चाललं होतं. गावच्या लोकांना सुरुवातीला त्यात मजा वाटायची, मग तीही सवयीची झाली. चिमाजी ओळखीचा कुणी भेटला म्हणून पुढं कंडक्टरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला आणि पहिल्यापासून कोर्टाची हकिगत सांगू लागला. त्याचा आवाज मागपर्यंत येत होता. फुलाबाईच्या शेजारची जागा रिकामी होती. वैष्णवी ती रिकामी बघून दांडी धरून उभी राहिली. कात्रजचा घाट उभ्यानं, खेड शिवापूर उभ्यानं.

नसरापूरला गाडी निम्मी रिकामी झाली तेव्हा ती पलीकडच्या बाकावर बसली. खिडकीकडे बघत म्हणाली, "काकी."

फुलाबाई दचकली. भिंतीला भिंत लागून दोघींची घरं, अंगण एक, पण दोन वर्षांत ही हाक आली नव्हती.

"तुमचं नाव घातलं म्हनं साक्षीला."

"व्हय."

"काय सांगनार?"

"अजून ठरलं न्हाई."

बोलून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं. खरं काय ते संध्याकाळच्या भाजीसारखं ठरवायचं होतं की काय!

"आशू अजून इच्यारती मला," वैष्णवी मग म्हणाली. "आई, मी का न्हाई दिला अग्नी? म्या सांगते, आजी म्हनली, पोरीनं द्याचा न्हाई. आज कोर्टानं मलाच खोटी पाडली. आता घरी जाऊन तिला काय सांगू? तुज्या आईनंच हात जोडलं म्हनू?"

फुलाबाईनं समोरच्या सीटची दांडी धरली.

"तुमी खरं सांगा असं म्या म्हनत न्हाई," वैष्णवी म्हणाली. "पोटचं लेकरू हाय तुमचं. फकस्त साक्ष देताना माज्याकडं बगू नका. आज बगितलं न्हाई तसंच." आणि विंझर यायच्या आधीच उठून ती दारापाशी जाऊन उभी राहिली.

त्या रात्री आणि पुढं बुधवारपर्यंत फुलाबाई हात चालवत राहिली. शेण काढलं, भांडी घासली, भाकरी थापल्या, पण डोळ्यांपुढून स्मशान हलेना. नऊ वर्षांची आशू, कागदोपत्री अश्लेषा, आंघोळ घातलेली, ओले केस पाठीला चिकटलेले, मडक्याचं शिंकाळं दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होती. वैष्णवी रडता रडता म्हणाली होती, "तिच्या बापाचा अग्नी तीच देईल." आणि फुलाबाई पुढं झाली होती. "आपल्यात पोरी अग्नी देत न्हाईत. चुलता जित्ता असताना पोरीच्या हातात मडकं? लोक तोंडात श्यान घालतील." चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पोरीची बोटं शिंकाळ्याच्या दोरीला चिकटली होती. ती एकेक करून सोडवावी लागली, आणि सोडवली ती फुलाबाईनंच. मग ते मडकं तिनं कुमारच्या हातात दिलं.

रीत होती, म्हणून केलं, असं दोन वर्षं ती स्वतःला बजावत आली. रीत होतीच. पण रीतीला फुलाबाईची मदत एवढी कधी लागली नव्हती. आदल्या दिवशी दुपारी कुमार घरी आला तेव्हा ती परसात लाकडं रचत होती. ज्यानं चौतीस वर्षांत जेवलेलं ताट उचललं नव्हतं, तो धुण्याच्या दगडापाशी बसून आपली पँट आणि शर्ट आपल्या हातानं धूत होता. खसाखसा, साबणाची अख्खी वडी झिजवून. "काय रं झालं?" तिनं विचारलं. "चिखल लागला," तो म्हणाला. चैत्राचं ऊन होतं. ओढ्याला पाणी नव्हतं, खाचरात भेगा पडल्या होत्या, तालुक्यात कुठं चिखल नव्हता. दिवस मावळताना सोनबा सापडल्याची ओरड आली, आणि फुलाबाई दोरीवरचे ते कपडे ओले असतानाच काढून आत घेऊन गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी मडकं कुमारच्या हाती. जो अग्नी देतो त्याच्याकडे बोट कोण दाखवणार? गावाचं तोंड बंद व्हावं म्हणून तिनं पोरीची बोटं सोडवली होती. तिचा डाव नऊ दिवस, पोस्टमार्टेमचा रिपोर्ट येईपर्यंत, टिकला. वकीलबाईंनी तोच आता कोर्टात नव्यानं मांडला होता, आणि गंमत म्हणजे तो मूळचा कुणाचा हे त्यांना माहीतच नव्हतं.

बुधवारी सकाळी भोरच्या पेठेत कापडाच्या दुकानावरच्या त्या छोट्या ऑफिसात सगळे जमले. चिमाजी धुतलेलं धोतर नेसून आला होता. हनुमंत आणि कुमार एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसले होते. ठकुबाईनं घरून डब्यात पोहे आणले होते, जसं काही बघण्याचाच कार्यक्रम. वकीलबाईंनी सगळ्यांना चहा सांगितला आणि वही उघडली.

"मावशी, मी तीन प्रश्न विचारणार. पहिला, अंत्यविधीला मडकं कोणी धरलं? तुम्ही म्हणाल, कुमारनं. दुसरा, कोणाच्या सांगण्यावरून?"

फुलाबाईनं चहा बशीत ओतला.

"वैष्णवीनं हात जोडले, असं हनुमंत म्हणतायत. तुम्हाला आठवतंय ना तसं? मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाहीये. माणसं दुःखात असतात, गर्दी असते, कोण काय बोललं नीट ऐकू येत नाही. तुम्हाला जसं आठवतं तसं सांगा. हात जोडल्याचं आठवतंय ना?"

"आठवतंय की!" चिमाजी मधेच म्हणाला. "न आठवाया काय झालं?"

"आबा, तुम्हाला नाही विचारलं."

फुलाबाईनं चहाची बशी खाली ठेवली. "बाई, तुमी इच्यारून झाल्यावर त्ये सरकारी वकील बी मला इच्यारनार न्हवं?"

"हो. ती काळजी माझ्यावर सोडा."

"त्येंनी इच्यारलं, आदल्या दिशी दुपारी कुमार घरी आला तवा त्यानं काय केलं, तर म्या काय सांगू?"

"काय करनार? झोपला असंल," ठकुबाई डब्याचं झाकण लावत म्हणाली.

"झोपला न्हवता. कापडं धुतली त्यानं. आपल्या हातानं."

खाली दुकानात कापड फाडल्याचा टर्रकन आवाज आला तेवढाच. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. ठकुबाईनं भावाकडे बघितलं आणि बघितल्याबरोबर नजर काढून घेतली. ती लहानपणी कुमारचे कपडे धुवायची. त्याचा अर्थ तिला वेगळा सांगायची गरज नव्हती.

"चिखल व्हता म्हनलं न्हवं तुला," कुमार म्हणाला.

"चैतात?" हे चिमाजीनं विचारलं. आवाज कोर्टातला राहिला नव्हता. "कुमार, चैतात कुटला चिखल?"

"आबा, तो माज्या अंगावर आला व्हता. म्या एकदाच—"

"कुमार!" वकीलबाई एवढ्या जोरात ओरडल्या की चहावाला दारातूनच परत गेला. "एक शब्द नाही. माझ्यासमोर नाही, कुणासमोरच नाही." मग त्यांनी वही मिटली, आवाज पुन्हा पहिल्यासारखा केला. "मावशी, मी तुमचं नाव काढते. तुम्ही साक्षीला येऊ नका. जे मला माहीत नाही ते मला लपवावं लागत नाही, आणि हे मला माहीत नाही. कळलं? हनुमंत, तुम्ही होता ना स्मशानात?"

"व्हतो की," हनुमंत म्हणाला. "वैष्णवीनं हात जोडलं. म्या माज्या डोळ्यांनी बगितलं."

इतकं सहज म्हणाला, की फुलाबाईला आपणच तिथं नव्हतो की काय असं वाटलं. "हनुमंता, तू टेम्पो घिऊन सारोळ्याला गेला व्हतास," ती म्हणाली. "तू आलास तवा कवटी फुटून गेली व्हती."

"मग? कोर्टाला काय ठावं?" हनुमंत उसळला. "आये, माज्या पोरीला इसावं लागलंय. आंबवड्याचं स्थळ चालून आलं व्हतं, घर इच्यारलं आनि उठून गेली मानसं. खुन्याची पुतनी कोन करून घील? ह्यो सुटला तर आमी सगळी सुटतो. तुजं काय जातंय गप बसाया?"

"माजं?" फुलाबाई म्हणाली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. पन्नास वर्षांत जो माणूस कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द आपला ठेवायचा, तो टोपी काढून मांडीवर घेऊन बसला होता.

"मला सांगितलं न्हाईस तू," चिमाजी म्हणाला. "दोन वर्सं एका ताटात जेवलो. परवा म्या त्या पोरीला कोंबडी म्हनलो, सगळ्या एसटीत. मला सांगितलं न्हाईस." तो उठला, कठड्याला धरून जिना उतरला आणि खालच्या पायरीवर बसला. त्याला कुणी हाक मारली नाही.

फुलाबाई निघाली तेव्हा वकीलबाई तिच्यामागून जिन्यापर्यंत आल्या. कोर्टात तलवारीसारखी चालणारी बाई इथं जरा अवघडली होती. "मावशी, माझं काम त्याला वाचवणं आहे. ते मी करणार. पण तुम्हाला एक सांगते, कोणी बोलावल्याशिवाय तुम्हाला बोलायला लागत नाही. घरी जा. शांत राहा."

"शांतच हाय, बाई. दोन वर्सं दुसरं काय केलं?"

कुमार वर दारात येऊन उभा राहिला होता. तालुक्याची हद्द ओलांडून तो येऊ शकत नव्हता, पण त्याला ओलांडायचीही नसावी. "आये," तो म्हणाला. लहानपणी बाहेर अंधारात जायला भ्यायचा तेव्हा असाच हाक मारायचा. फुलाबाई थांबली. त्याच्या गालाची हाडं वर आली होती, दाढी वाढली होती, आणि तो तिचाच होता. खून करणाऱ्या लेकरावरची माया थोडी आटली असती तर तिला सोपं गेलं असतं. "येळेवर जेवत जा," ती म्हणाली आणि उतरली.

वाडीवर पोचेपर्यंत दुपार कलायला आली होती. चिमाजी एक शब्द न बोलता घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. फुलाबाईनं चपला काढल्या नाहीत. अंगण ओलांडून ती वैष्णवीच्या उंबऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. हा उंबरा तिनं दोन वर्षं ओलांडला नव्हता. आत वैष्णवी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होती. आशू कोपऱ्यात पोटावर पडून वहीत भूमितीची आकृती काढत होती. आता अकरा वर्षांची झाली होती, पाय लांबच लांब.

"काय?" वैष्णवी म्हणाली. या म्हणाली नाही.

"तुज्या सरकारी वकिलाला फोन लाव. म्हनावं, म्हातारीला बोलवा. कुमारच्या आयेला."

"तुमाला तर त्येंनीच लावलंय न्हवं साक्षीला."

"त्येंनी काढलं. आता तुमी घ्या."

वैष्णवीचा हात सुपात थांबला. "काय सांगनार?"

एसटीत हाच प्रश्न आला होता तेव्हा ठरलं नव्हतं. आता फुलाबाईनं उंबऱ्याबाहेर उभ्यानंच सगळं सांगितलं. दुपार, धुण्याचा दगड, साबण, दोरीवरून ओले काढलेले कपडे. थांबत थांबत सांगितलं, पण गाळलं काही नाही. हेही सांगितलं की हनुमंत आता खोटी साक्ष देईल, आणि तो स्मशानात नव्हता हे सारोळ्याचे चार लोक सांगू शकतील. एका लेकाला बुडवायला आली होती, बोलता बोलता दुसऱ्यालाही ओढलं. सांगून झालं तेव्हा तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

वैष्णवी रडली नाही. ती कसलासा हिशोब जुळवत असल्यासारखी बसली होती, आणि तो जुळला तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं.

"म्हंजी आदल्या दिशी तुमाला कळलं व्हतं," ती सावकाश म्हणाली. "आनि दुसऱ्या दिशी तुमी मडकं घेतलंत. तवा ठावं व्हतं तुमाला."

"व्हय."

"मला वाटत व्हतं तुमी जुन्या. रीतीच्या. म्या म्हनायची मनात, काकी तशा वाईट न्हाईत, त्येंचं वळनच तसं." ती थांबली. "ठावं व्हतं, आनि तरी त्याच्याच हातात दिलंत."

"व्हय."

फुलाबाईला वाटलं, आता ती सूप फेकेल, झिंज्या धरेल, अंगणात येऊन गाव गोळा करेल. यातलं काहीही केलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं. वैष्णवीनं सूप बाजूला ठेवलं आणि मागं न बघता हाक मारली, "आशू, हितं ये."

"तिला कशाला?" फुलाबाई घाबरी झाली. "लहान हाय ती."

"तुमी बोटं सोडवली तवा याच्याहून लहान व्हती. जजसाहेबाफुडं सांगाल तवा सांगाल. आदी हिला सांगा. तिनं इच्यारलं व्हतं. म्या दोन वर्सं चुकीचं सांगितलं तिला."

आशू हातात कंपास तसाच धरून आली आणि आईच्या पाठीशी उभी राहिली. फुलाबाई उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसली, त्यामुळे पोरीचं तोंड तिच्या तोंडापेक्षा वर आलं.

"आशू," ती म्हणाली, "तुज्या हातातलं मडकं म्या काढून घेतलं, ते पोरी अग्नी देत न्हाईत म्हनून न्हाई. ते खोटं व्हतं. तुज्या पप्पाला कुमारनं मारलं ते मला कळलं व्हतं. लोकान्ला कळू नये म्हनून म्या त्याच्या हातात दिलं."

पोरीनं विचारलं, "कळू नये म्हणून का?"

"तो माजा हाय गं. माजा लेक."

"आणि माझे पप्पा?" आशूनं विचारलं. "ते तुझे कोण होते?"

सोनबाची आई वारली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला पहिली भाकरी कुस्करून कुणी घातली, ताप आल्यावर कुणाच्या कुशीत झोपायचा, शाळेत नाव घालताना 'आईचं नाव' विचारल्यावर त्यानं कुणाकडे बोट दाखवलं, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. आशू उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली, आणि वैष्णवीनंही तिला आत नेलं नाही.